चहाचा कप, खारे पाणी आणि आपली मूत्रपिंडे

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस सुचविले होते, की इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्ही वऱ्हाडातील आंबेडकरी चळवळीवर लिहावे. तो विषय आमच्या आवडीचा आहे; परंतु त्यावर लिहिणारे अधिकारी लेखक आपल्या समाजात पुष्कळ आहेत. म्हणून मंडळाची अनुमती घेऊन आम्ही वेगळा विषय निवडला : चहा व तत्सम उत्तेजक पेये आणि मूत्रपिंडांचे आरोग्य. इतिहासाच्या शिक्षकाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे कारण एक जुने ऋण आहे, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी पालकसभा आटोपल्यावर दर्यापूर तालुक्यातील एक पालक आमच्याजवळ येऊन बसले. ते शेतमजुरी करीत; वय चाळिशीच्या आसपास; मुलगा आपल्या शाळेत नववीला. पाय सुजतात, काम करवत नाही, असे ते बोलता बोलता म्हणाले. दिवसातून आठ-दहा वेळा चहा होतो, हेही त्यांनी सांगितले. आम्ही शिक्षकी अधिकाराने तत्क्षणी निदान करून टाकले : "चहाने किडनी खराब होते, चहा सोडा." शिक्षकाचा शब्द प्रमाण मानणारे ते गृहस्थ. त्यांनी त्या दिवसापासून चहा सोडला. वर्षभराने अमरावतीच्या एका रुग्णालयात आम्ही त्यांना डायलिसिसच्या खाटेवर पाहिले. आम्हांस पाहून ते म्हणाले, "सर, चहा त म्या तवाच सोडला होता जी. मंग काहून असं झालं?"

त्यांचा रक्तदाब फार वाढलेला होता आणि तो त्यापूर्वी कोणी मोजलाच नव्हता. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी ते जवळजवळ रोज घेत होते. पिण्याचे पाणी गावातल्या बोअरचे होते. या तीनपैकी एकही गोष्ट आम्ही त्यांना विचारली नव्हती. दोन वर्षे आठवड्यातून दोनदा अमरावतीच्या खेपा करून ते गेले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा देऊ शकलो नाही. पुढे डॉक्टरांशी बोलून, वाचून, पडताळून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

कप-बशीचा इतिहास

आपल्या समाजाच्या दृष्टीने चहा हे केवळ पेय नाही. वऱ्हाडात चहाची सवय फार जुनी नाही. मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरामार्गे निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला, तेव्हा हा प्रदेश कापसासाठी प्रसिद्ध होता; चहा येथील सामान्य माणसाला ठाऊक नव्हता. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने चहावर उपकर बसविणारा कायदा केला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांत, कारखान्यांत चहा पाजून लोकांना त्याची गोडी लावण्यात आली. आज ज्याला आपण आपली परंपरा समजतो, ती अशी शंभर-सव्वाशे वर्षांत घडविलेली सवय आहे.

ही सवय गावोगावच्या हॉटेलांत पोहोचली, तेव्हा तिच्याबरोबर अस्पृश्यताही पोहोचली. आपल्या वडीलधाऱ्या पिढीने सांगितलेले आपण ऐकले आहे : हॉटेलाच्या बाहेर वेगळा ठेवलेला कप, त्यात वरून ओतलेला चहा आणि प्यायल्यावर तो कप आपणच धुऊन परत ठेवण्याची सक्ती. पाण्याची कथाही हीच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमरावतीस अंबादेवी मंदिराच्या प्रश्नावर भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. पुढे संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक उपाहारगृहे आणि विहिरी-तलाव यांचा एकत्र उल्लेख आला, हा योगायोग नव्हे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने तर सार्वजनिक हॉटेलातील भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरविला. एका कपासाठी कायदा करावा लागला, असा हा देश आहे. १९७२ पासून डॉ. बाबा आढाव यांना 'एक गाव, एक पाणवठा' ही चळवळ चालवावी लागली, यावरून कायद्यानंतरही काय उरले होते ते कळते.

म्हणून 'चहा वाईट, तो टाका' असे वाक्य आपल्या माणसांना सहज ऐकविणे आम्हांस आता योग्य वाटत नाही. ज्या कपासाठी आपली माणसे अपमान गिळून उभी राहिली, तो कप बरोबरीने हातात घेणे हा त्यांच्या जीवनातील एक विजय होता. त्या कपात काय आहे हे समजून घेणे, हे मात्र आजच्या पिढीचे कर्तव्य आहे.

मूत्रपिंडांचे कार्य

महासतिपट्ठान सुत्तात शरीराच्या घटकांचे चिंतन सांगितले आहे. त्या यादीत 'वक्क' हा शब्द येतो; त्याचा अर्थ मूत्रपिंड. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना ज्या अवयवाचे भान ठेवण्यास सांगितले, त्याचे भान आपल्याला बहुधा तो बिघडल्यावरच येते.

कंबरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा दर मिनिटाला या दोन अवयवांकडे जातो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव येथे गाळला जातो आणि त्यातील बहुतेक भाग शरीर परत घेते. लघवीच्या रूपाने साधारण दीड-दोन लिटर बाहेर पडतो. मलद्रव्ये काढणे, मीठ-पाण्याचा समतोल राखणे, रक्तदाबाचे नियमन करणे, रक्त तयार होण्यास लागणारे संप्रेरक निर्माण करणे ही सारी कामे येथे चालतात.

या अवयवाचा मोठा दोष म्हणा वा सोशिकपणा म्हणा, तो तक्रार करीत नाही. बरेचसे कार्य नष्ट होईपर्यंत वेदना होत नाहीत. सूज, मळमळ, थकवा, भूक मंदावणे ही लक्षणे दिसतात, तेव्हा अनेकदा फार उशीर झालेला असतो. म्हणून 'काही त्रास नाही, म्हणजे किडनी ठीक आहे' हे अनुमान चुकीचे आहे.

कॅफिन शरीरात काय करते?

चहा, कॉफी, कोला आणि हल्लीची 'एनर्जी ड्रिंक्स' यांना जोडणारा घटक म्हणजे कॅफिन. १८१९ मध्ये रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे केले. दिवसभराच्या श्रमाने मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचते आणि झोपेची भावना उत्पन्न करते. कॅफिन त्याची जागा अडविते; त्यामुळे थकवा जाणवत नाही. थकवा जात नाही, तो केवळ जाणवत नाही, हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. प्रौढ माणसाच्या शरीरातील कॅफिन निम्म्यावर येण्यास साधारण पाच तास लागतात. म्हणजे सायंकाळी सातचा चहा मध्यरात्री अर्धा शिल्लक असतो.

मूत्रपिंडांवरही कॅफिनचा परिणाम होतो. लघवीचे प्रमाण थोडे वाढते. परंतु ज्यांना रोजची सवय आहे, त्यांच्यात हा परिणाम अल्प असतो. चहातून शरीराला पाणीही मिळतेच. ज्यांना सवय नाही, त्यांचा रक्तदाब काही काळ थोडा वाढतो. म्हणूनच रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी घेऊ नये.

प्रमाण किती असावे? राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक कॅफिन घेऊ नये, असे म्हटले आहे. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि उकळून-गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते. त्याच मार्गदर्शनात जेवणाच्या एक तास आधी व नंतर चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. कारण चहातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही. आपल्या माता-भगिनींमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो. त्यांनी जेवणावर चहा घेण्याची सवय आवर्जून सोडावी.

मग दोष कोणाचा?

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळू. चहा-कॉफीने निरोगी मूत्रपिंड निकामी होते काय? अमेरिकेतील चार ठिकाणच्या सुमारे चौदा हजार प्रौढांवर वीस वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कॉफी पिणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार अधिक आढळला नाही. उलट किंचित कमी आढळला. यावरून कॉफी हे औषध ठरत नाही. पण बेताची कॉफी वा चहा हे विषही ठरत नाही.

अतिरेकाची गोष्ट वेगळी. २०१५ मध्ये अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील एका ५६ वर्षांच्या माणसाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. तो रोज मोठे सोळा ग्लास थंड काळा चहा पीत असे आणि त्याच्यावर डायलिसिसची पाळी आली. तेथेही कारण कॅफिन नव्हते. काळ्या चहातील ऑक्झलेट नावाचे द्रव्य मूत्रपिंडात साचले होते. आपल्या चहात दूध असते आणि दुधातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. तथापि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी बिनदुधाचा कडक चहा वारंवार पिऊ नये.

या विषयात सर्वांत बोलका दाखला वेदनाशामकांचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास स्वित्झर्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत डोकेदुखीच्या पुड्या व गोळ्या घरोघरी घेतल्या जात. त्यांत फिनॅसेटिन हे वेदनाशामक आणि त्याच्या जोडीला कॅफिन असे. कामगार, गृहिणी त्या चहाबरोबर रोज घेत. १९५३ मध्ये स्विस डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या मूत्रपिंडांचा विशिष्ट विकार वर्णिला. पुढे फिनॅसेटिन बाजारातून गेले आणि तो विकारही ओसरत गेला. मूत्रपिंडे बिघडविण्यात मुख्य वाटा वेदनाशामकाचा होता. कॅफिनने त्या पुडीची सवय लावली. कॅफिन चुकले की डोके दुखते, डोके दुखले की पुन्हा पुडी, असे ते चक्र होते.

आपल्याकडे फिनॅसेटिन राहिले नाही. पण डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या किराणा दुकानातही मिळतात. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. वैशाखाच्या उन्हात राबून शरीरातील पाणी आटले असताना त्या घेतल्या, तर हानी अधिक होते. कपाशी वेचून आल्यावर कंबर दुखते, म्हणून चहा आणि गोळी हा आपल्या वस्त्यांतील नित्याचा क्रम आहे. त्यातला चहा लोकांना दिसतो, गोळी दिसत नाही. चहाची साखरही दिसत नाही. कपाला दोन चमचे धरले, तर सहा कपांत बारा चमचे, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम साखर पोटात जाते. दिवसभरातील वरच्या साखरेची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने साधारण तेवढीच सांगितली आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे आहेत. प्रत्यक्ष बाबासाहेबांचे शरीर अखेरच्या वर्षांत मधुमेहाने पोखरले होते, हे आपण विसरू नये.

खारपाणपट्ट्याचे पाणी

वऱ्हाडात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात गाळाच्या चिकण मातीचा जो सपाट प्रदेश पसरला आहे, त्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे ४.७ लाख हेक्टर क्षेत्र त्यात मोडते. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील कितीतरी गावे त्यात येतात. आपल्या शाळेचे अनेक विद्यार्थी याच गावांतून आलेले आहेत. तेथील भूजलात सोडियम व इतर क्षार अतोनात आहेत. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत. या पट्ट्यातील अनेक विहिरी व बोअर ही शेवटची मर्यादाही ओलांडतात.

खारे पाणी सतत पोटात गेले, की सोडियम वाढते आणि सोडियम रक्तदाब वाढविण्यास हातभार लावते. बांगलादेशाच्या किनारी भागातील गर्भवती स्त्रियांवरील अभ्यासात खाऱ्या पाण्याचा आणि वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध दिसून आला आहे. आमच्या पाहण्यातील दुसरी गोष्ट अशी, की पाणी मचूळ लागते म्हणून या गावांतील माणसे साधे पाणी कमी पितात आणि तहान चहावर भागवितात. चहापत्ती व साखर यांमुळे खारटपणा झाकला जातो; नाहीसा होत नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. पाणी आटल्याने ते उलट अधिक दाट होतात. तुरटीने गाळ खाली बसतो, मीठ बसत नाही. आठ कप चहा पिणारा माणूस खारपाणपट्ट्यात आठ वेळा खारे पाणीच पीत असतो. आम्ही त्या पालकांना चहा सोडण्यास सांगितले आणि त्यांनी त्याच बोअरचे पाणी तांब्याने पिण्यास आरंभ केला.

श्रीलंकेचे उदाहरण या संदर्भात विचार करण्यासारखे आहे. संघमित्रेने बोधिवृक्षाची फांदी जेथे नेली, त्या अनुराधपूरच्या परिसरात, म्हणजे त्या देशाच्या उत्तर-मध्य प्रांतात, १९९० च्या दशकापासून भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक विकार मोठ्या प्रमाणावर आढळू लागला. श्रीलंका हा चहाचा देश. चहा सर्वत्र प्यायला जातो. परंतु विकार चहाच्या डोंगराळ मुलखात नव्हे, तर कोरड्या, उष्ण, कठीण पाण्याच्या सपाट प्रदेशात केंद्रित झाला. संशोधक त्यामागे उष्णता, पाण्यातील क्षार व फ्लोराइड, शेतीतील रसायने अशा अनेक कारणांचा विचार करतात. तेथे शासनाने, स्वयंसेवी संस्थांनी आणि नौदलानेही गावोगावी आरओ पाण्याची केंद्रे उभारली.

आपल्याकडेही काही काम झाले आहे. वान धरणावरील ८४ खेडी योजना अकोट-तेल्हारा भागासाठी आणि शहानूर धरणावरील योजना दर्यापूर-अंजनगाव भागासाठी आहे. नळाला गोडे पाणी येते तेव्हा गाव सुखावते. नळ बंद पडला की माणूस पुन्हा बोअरकडे वळतो. ज्याच्या घरी ऐपत आहे तो वीस लिटरचा जार विकत घेतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो काय पितो, हा आमचा प्रश्न आहे. चवदार तळ्याचा लढा पाण्यावरील समान हक्काचा होता. तो हक्क कागदावर मिळाला. पण गोडे पाणी पैशावर मिळू लागले, तर विषमता पुन्हा पाण्याच्या वाटेनेच घरात शिरते. म्हणून ग्रामसभेत पाण्याच्या तपासणीचा अहवाल मागणे, नळयोजना बंद पडल्यास लेखी तक्रार करणे, हेही आरोग्याचेच काम आहे.

विद्यार्थ्यांच्या हातातील बाटली

चहाबद्दल आम्ही सौम्य बोललो. एनर्जी ड्रिंकबद्दल तसे बोलणार नाही. वीस रुपयांत मिळणारी रंगीत बाटली आता खेड्यातील पानठेल्यावरही दिसते. परीक्षेच्या दिवसांत वसतिगृहाच्या खिडकीमागे अशा रिकाम्या बाटल्या आम्हांस सापडल्या आहेत. भारतीय नियमांनुसार अशा पेयांत लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. शिवाय अनेकांत सहा-सात चमचे साखर. बालके, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी हे पेय योग्य नाही आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा अधिक घेऊ नये, अशी सूचना त्यावर छापणे बंधनकारक आहे. ती इतक्या बारीक अक्षरांत असते, की मुले ती वाचत नाहीत.

युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ही दैनिक मर्यादा सुचविली आहे. चाळीस किलो वजनाच्या आठवीतील मुलासाठी ती १२० मिलिग्रॅम होते. एक बाटली आणि एक-दोन कप चहा झाले, की मर्यादा ओलांडली जाते. परिणाम म्हणजे धडधड, अस्वस्थता, झोपमोड आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंग. मूत्रपिंडांवर याचा परिणाम वजन, साखर व रक्तदाब यांच्या वाटेने पुढील आयुष्यात दिसतो. कोलाबाबतही असेच. दिवसाला दोन वा अधिक कोला पिणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा जुनाट विकार सुमारे दुप्पट आढळल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २००७ मध्ये दिसून आले. जुलै २०२४ मध्ये शाळांच्या ५०० मीटर परिसरात अधिक कॅफिनयुक्त पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा विधान परिषदेत करण्यात आली. तिची अंमलबजावणी पालक व शिक्षक जागे राहतील तरच होईल.

धम्माचा दृष्टिकोन

पाचवे शील मद्यादी मादक पदार्थांपासून विरत राहण्याचे आहे. चहा त्यात येत नाही. परंतु त्या शीलाचा गाभा 'प्रमाद' या शब्दात आहे. ज्याने भान सुटते ते टाळावे, हा त्याचा आशय. रोज किती कप होतात हे ज्याला सांगता येत नाही, चहा मिळाला नाही तर ज्याचे डोके आणि जिव्हा दोन्ही ताब्यात राहत नाहीत, त्याने स्वतःचा विचार करावा.

विनयपिटकाच्या महावग्गात भगवंतांनी भिक्खूंना आठ पेयांची अनुमती दिल्याचा उल्लेख आहे. त्यांत आंबा, जांभूळ, केळी, द्राक्षे, मध, फालसा यांची पेये येतात. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे. चीवर आणि भिक्षापात्र यांच्या पंक्तीत पाण्याच्या गाळणीला स्थान देणारा हा धम्म आहे. त्याच महावग्गात आजारी भिक्खूची सेवा ही प्रत्यक्ष बुद्धाचीच सेवा समजावी, असा उपदेश आहे. डायलिसिसवर असलेल्या शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा मोटारसायकलवरून रुग्णालयात नेऊन आणणे, हे आजच्या काळातील तेच आचरण होय.

आचरणात आणावयाच्या गोष्टी

१. निरोगी प्रौढाने दिवसाला दोन-तीन कप चहा घेण्यास हरकत नाही. साखर अर्ध्यावर आणावी. जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा टाळावा. चहा एकदम न सोडता हळूहळू कमी करावा, म्हणजे डोके दुखत नाही.

२. तहान पाण्याने भागवावी. उन्हात काम करताना तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. ताक, पन्हे, लिंबूपाणी घ्यावे. रक्तदाब असल्यास त्यात मीठ घालू नये.

३. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी. पाणी खारे असल्यास चहासाठीही गोडे वा आरओचे पाणीच वापरावे. पावसाळ्यात छतावरील पाणी स्वच्छ टाकीत साठवावे.

४. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रोज घेऊ नये. उपाशीपोटी, जुलाब-उलट्या होत असताना किंवा उन्हातून आल्याबरोबर तर मुळीच घेऊ नये.

५. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, रक्तशर्करा, लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. या तपासण्या अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात, अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात होतात. रक्तदाब व साखर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तपासता येते.

६. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार जडला आहे, त्यांच्यासाठी नियम वेगळे आहेत. 'भरपूर पाणी प्या' हा सल्ला त्यांना घातक ठरू शकतो. डायलिसिसच्या रुग्णाने चहाचा कपही दिवसभराच्या पाण्यात मोजावा. नारळपाणी व फळांचे रस यांत पोटॅशियम असते. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. गावठी काढे व भस्मे यांच्या मागे लागून डायलिसिस थांबवू नये.

७. उपचाराच्या खर्चाला घाबरून घरी बसू नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणही झाले आहे.

८. अठरा वर्षांखालील मुलांनी एनर्जी ड्रिंक घेऊ नये. पालकांनी भेटीच्या दिवशी खाऊ म्हणून अशी बाटली आणू नये.

समारोप

त्या पालकांच्या निधनानंतर आपल्या शाळेत एक छोटा बदल झाला. पालकसभेच्या दिवशी प्रवेशद्वाराजवळ टेबल मांडून रक्तदाब मोजला जातो आणि त्यानंतरच चहा दिला जातो. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण चहानंतर मोजलेला आकडा खरा नसतो. पहिल्याच वर्षी काही पालकांचा रक्तदाब इतका वाढलेला आढळला, की त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे लागले. त्यांपैकी कोणालाही त्याची कल्पना नव्हती. माजी विद्यार्थ्यांपैकी जे डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ झाले आहेत, त्यांनी आपल्या गावच्या विहारात महिन्यातून एका रविवारी असे टेबल मांडावे, अशी आमची त्यांना विनंती आहे. वंदनेला जमलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब अर्ध्या तासात मोजून होतो.

"मंग काहून असं झालं?" या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता असे देऊ : दादा, चहाने नव्हे. न मोजलेल्या रक्तदाबाने, न विचारलेल्या गोळीने आणि खाऱ्या पाण्याने तुमची मूत्रपिंडे झिजविली. आणि आम्ही विचारायला हवे होते ते विचारले नाही. त्यांचा मुलगा आज आपला माजी विद्यार्थी आहे. हा अंक त्याच्याही हाती पडेल. त्याने आपल्या आईचा रक्तदाब मोजून घ्यावा आणि स्वतःचाही.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जय भीम.